ताटल्या धुण्यापलीकडे काही करायला मिळेल का? वन्यजीव उपचार केंद्रातल्या कामाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोथरूडला राहता, हिंजवडीत नोकरी करता, शनिवार-रविवार मोकळे असतात आणि प्राण्यांची ओढ लहानपणापासूनची आहे. पुण्याजवळच्या एका वन्यजीव उपचार केंद्रात तुम्ही दोन शनिवार जाऊन आलात. दोन्ही वेळा ताटल्या घासल्या, पिंजऱ्यांतली रद्दी बदलली, पपया चिरल्या. प्राण्यांच्या खोलीत कुणी येऊ दिलं नाही. आता तुम्ही विचारताय की सगळीकडे असंच असतं का, प्रत्यक्ष प्राण्यांसोबत काम करायला कधी मिळतं, आणि घरात चार वर्षांची मुलगी असताना हे करावं की नाही.

मी अशाच एका केंद्रात बरीच वर्षं काम करते. औषधोपचार डॉक्टर बघतात. पिंजरेघर, खाण्याची खोली आणि स्वयंसेवक हे माझ्याकडे असतं, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला नेहमी भेटतात. या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न असतो: प्राण्याला हात लावायचा नसेल, तर माझा तिथे उपयोग काय? आधी त्याचं उत्तर देते, बाकीची त्यातूनच निघतील.

कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात काम केलेल्यांना आमच्याकडची शिस्त पचायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे नेमकं उलटं असतं. रस्त्यावरचं जखमी कुत्रं माणसाच्या हाताने शांत होतं, गोंजारलं की खायला लागतं. रानातल्या जिवाला माणूस म्हणजे शिकारी. आपण कितीही मायेने बघत असलो तरी त्याच्या लेखी समोर उभा असतो तो डोळे रोखून बघणारा मोठा प्राणी. एखादं घुबड किंवा ससा तुमच्यासमोर हलत नाही, निमूट बसून राहतो, तेव्हा त्याला तुमचा विश्वास वाटायला लागलेला नसतो. बहुतेक वेळा तो भीतीने गोठलेला असतो.

या भीतीने जीव जातात, हे नवीन माणसाला पटकन खरं वाटत नाही, म्हणून जरा खोलात सांगते. सुपे-मोरगावच्या माळावरून, मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या भागातून, कुत्र्यांनी पाठलाग केलेलं चिंकारा हरीण कधीकधी येतं. जखमा वरवरच्या असतात. चार टाके घातले की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण जिवाच्या आकांताने पळताना, आणि त्यानंतर माणसांनी पकडताना, बांधताना, गाडीत घालताना स्नायूंवर इतका ताण आलेला असतो की स्नायूंच्या पेशीच फुटायला लागतात. त्यातून सुटलेली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टर याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. प्राणी तासाभरातही दगावू शकतो, किंवा उभा राहून, पाला खाऊन, सगळ्यांना आशा लावून काही दिवसांनी जातो. एकदा हे चक्र सुरू झालं की औषधं फार पुरी पडत नाहीत. म्हणून खरा उपाय ते सुरू होऊ न देण्यातच असतो: डोळ्यांवर कापड, अंधारी खोली, मोजकी माणसं, कमीत कमी वेळा हाताळणी. त्या खोलीबाहेर आम्ही चपला काढून चालतो. मोबाइल बंद. ज्या दिवशी चिंकारा आत असतं, त्या दिवशी तिथे सर्वांत उपयोगी माणूस तोच, जो कॉरिडॉरच्या तोंडाशी उभा राहून बाकीच्यांना आत जाऊ देत नाही.

हात न लावण्याचं दुसरं कारण पिल्लांचं. घारीचं पिल्लू मार्च-एप्रिलच्या सुमारास घरट्यातून पडतं. एका कुटुंबाने असं एक पिल्लू गच्चीवर वाढवलं होतं, अगदी मनापासून. हाताने भरवलं, नाव ठेवलं, मुलं त्याच्याशी बोलायची. ते उडायला लागलं तेव्हा आमच्याकडे आणून दिलं. अंगाने धडधाकट, पंख भरलेले. पण माणूस दिसला की ते ओरडत खाली यायचं आणि बाकीच्या घारींना घाबरायचं. असा पक्षी बाहेर सोडला तर तो कुणाच्यातरी डोक्यावर उतरतो, लोक घाबरून दगड मारतात. स्वतःची शिकार किंवा कचऱ्यावरचं खाणं शोधणं त्याला माहीत नसतं. त्याला इतर घारींच्या सोबतीने ठेवून, माणूस दिसणार नाही अशा बेताने खाणं देऊन हळूहळू सुधारता येतं का, हे तो किती लहानपणापासून माणसांत होता यावर असतं. काही सुधारतात. हा नाही सुधारला. म्हणूनच आम्ही पिल्लांशी बोलत नाही, त्यांना नावं ठेवत नाही, फक्त केस नंबर असतो. भरवताना शक्य असेल तिथे तोंडावर कापड घेतो, चिमट्याने भरवतो आणि लगेच बाजूला होतो. बाहेरून बघणाऱ्याला हे कोरडं वाटतं. ते कोरडेपण त्या पिल्लासाठी आहे.

आता ताटल्यांकडे येते, कारण तुमचा सगळा वैताग तिथे आहे. आणि मला वाटतं, केंद्रातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण तिथेच होतं, पण हे तुम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नसावं.

आमचा दिवस उजाडताच सुरू होतो. पहिली फेरी काहीही न उघडता, लांबून, फटीतून. कोण कुठे बसलंय, पंख लोंबतोय का, पिसं फुगवून बसलंय का, रात्रीचं खाणं गेलंय का. पिंजरा उघडला की प्राणी सावध होतो आणि दुखणं लपवतो, म्हणून ही फेरी आधी. मग रात्रीच्या ताटल्या आणि रद्दी बाहेर येते, आणि इथे स्वयंसेवकांचं काम सुरू होतं. धुण्याआधी बघायचं असतं. किती दिलं होतं, किती उरलं, विष्ठेचा रंग काय, पातळ आहे का, रक्त आहे का. शिकारी पक्षी न पचलेली हाडं, केस, पिसं यांची गोळी तोंडावाटे टाकतात, तिला पेलेट म्हणतात. पेलेट पडली म्हणजे पक्ष्याने खाल्लं आणि पचवलं. नाही पडली तर विचार करायचा.

आमच्याकडे एक शिक्रा होता, म्हणजे एक लहान शिकारी पक्षी, पंखाचं हाड जुळून आलेला. ताटली रोज रिकामी. नोंदवहीत ‘पूर्ण खाल्लं’ अशी नोंद. रविवारी येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने रद्दी बदलताना विचारलं की पेलेट का नाहीये. शोधल्यावर आडोशाच्या खोक्यामागे मांसाचे तुकडे सापडले. तो तुकडा उचलायचा, गिळता यायचा नाही, टाकून द्यायचा. डॉक्टरांनी चोच उघडून बघितली तर घशात पिवळसर थर होता. पारव्या-होल्यांकडून शिकारी पक्ष्यांना होणारा हा संसर्ग आहे. उपचार सुरू झाले आणि तो वाचला. त्या मुलीने शिक्र्याला तोपर्यंत हात लावलेला नव्हता. डॉक्टरांच्या हातून जे निसटलं असतं ते तिला दिसलं, कारण ती दर रविवारी तोच पिंजरा साफ करत होती आणि काय असायला हवं हे तिला पाठ झालं होतं.

म्हणून मी स्वयंसेवकाला पहिले काही आठवडे एकाच विभागाच्या ताटल्या देते. सगळं दाखवत फिरवलं तर त्याला मजा येईल, पण काहीच ओळखीचं होणार नाही.

धुण्याचीही पद्धत आहे, ती कळली की काम कंटाळवाणं राहत नाही. आधी घाण खरवडून काढायची, साबणाने घासायचं, मग जंतुनाशक लावून ते सांगितलेली मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग भरपूर पाणी आणि उन्हात वाळवणं. घाणीवरच जंतुनाशक ओतलं तर ते काम करत नाही. घरातलं फिनेल आणायचं नाही. मांजरकुळातल्या प्राण्यांना ते विषारी ठरू शकतं आणि त्याच्या वासाने पक्ष्यांची श्वसनसंस्था दुखावते. साफसफाईचा क्रमही ठरलेला असतो: सर्वांत आधी पिल्लं, मग बरे होत आलेले, सर्वांत शेवटी संसर्गाची खोली. उलटं गेलात तर तुमच्याच हातून रोग पिल्लांपर्यंत पोचतो. तुम्हाला एका खोलीतून दुसरीत जाऊ दिलं नाही त्यामागे बहुतेक हेच असेल.

खाण्याची खोली हा मला सर्वांत आवडता भाग. वाचणाऱ्याला वाटेल पपया चिरण्यात काय आहे. वटवाघळाला फळांचे तुकडे केवढे हवेत, धनेशाला केवढे, हे वेगळं असतं. शिकारी पक्ष्यांना नुसतं बोनलेस चिकन घातलं तर कॅल्शियम मिळत नाही आणि वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात. त्यांना हाडांसकट, पिसांसकट, केसांसकट खाणं लागतं. घारीला ढोबळमानाने रोज तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, आणि ते ग्रॅममध्ये मोजून. बुलबुल, दयाळ यांची पिसं न फुटलेली उघडी पिल्लं असतील तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी भरवावं लागतं. एक माणूस त्या खोक्यापाशी बसला की बसला. डोळे न उघडलेल्या खारींना दर दोन-तीन तासांनी दूध, तेही गाईचं नाही, पिल्लांसाठीचं वेगळं पावडरीचं. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून लघवी करवावी लागते, कारण त्या वयात ती आपली आपण होत नाही, आई चाटून करवते. आणि काहीही भरवण्याआधी अंग गरम आहे का हे बघायचं. गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, ते पोटात तसंच राहतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. घरून आणलेली कितीतरी पिल्लं हा क्रम चुकल्यामुळे आणि तोंडात पाणी ओतल्यामुळे फुप्फुसात पाणी जाऊन आमच्या हातात दगावतात.

इथवर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं: हो, बहुतेक चांगल्या केंद्रांत सुरुवात अशीच होते आणि तशीच व्हायला हवी. उलट एखाद्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तुमच्या हातात घुबड देऊन फोटो काढू दिला, तर तिथे परत जाऊ नका.

दुसरा प्रश्न, हाताळायला कधी मिळतं. याचं एकच उत्तर नाही. केंद्राकडे वनविभागाची काय परवानगी आहे, पगारी माणसं किती आहेत, डॉक्टर दिवसभर असतात की ठरावीक वेळी येतात, कोणते प्राणी येतात, यावर ते ठरतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आमच्या प्रत्येक कामावर लागू असतो. आपला साधा पिंजऱ्यातला पोपटसुद्धा पाळणं बेकायदेशीर आहे, तर जखमी वन्य प्राणी कोण हाताळतो याचा जबाब केंद्राला द्यावा लागतो. आमच्याकडे नियमित येणाऱ्याला साधारण काही महिन्यांनी डॉक्टर किंवा अनुभवी माणसासोबत वजन करताना टॉवेल धरायला बोलावतो. तिथून पुढे कुणी पिल्लं भरवण्यापर्यंत जातं, कुणी रेस्क्यूच्या गाडीवर. माकडं, वानरं, उदमांजरं, लांडगा, तरस यांना स्वयंसेवकांनी हात लावायचा नाही, ते कायमचंच. बिबट्याचा तर प्रश्नच नाही. त्याचं काम वनविभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या प्रशिक्षित जागाच करतात. सापही फक्त प्रशिक्षित माणसांनीच हाताळायचे. बिनविषारी दिवड समजून विषारी घोणसेच्या पिल्लाला हात घालणारे उत्साही लोक आहेत.

पण हाताळणं मिळेपर्यंत थांबायचं, असं कशाला? ज्या कामाला माणसं कमी पडतात आणि ज्याने सर्वांत जास्त जीव वाचतात ते काम फोनवर होतं, आणि ते तुम्ही कोथरूडमधून करू शकता.

मार्च ते मे या काळात फोन थांबत नाही. ‘ताई, गॅलरीत पाखरू पडलंय, घेऊन येऊ का?’ धनकवडीतून, वारज्यातून, पिंपळे सौदागरहून. फोनवरच्या माणसाने विचारायचं: पिसं फुटलीत का? उड्या मारतंय का? रक्त आहे का? मांजरीच्या तोंडातून सुटलंय का? आसपास मोठे पक्षी ओरडतायत का? पिसं भरलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप झाडावरून बघत असतात. कोकिळेचं पिल्लू असेल तर कावळे त्याला भरवत असतात, आणि लोक समजतात की कावळे टोचायला आलेत. अशा पिल्लाला उचलून एखाद्या फांदीवर किंवा टोपलीत घालून झाडावर ठेवायचं, मांजरांना आवरायचं आणि लांबून बघायचं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. लोक तेवढ्यावर अडतात आणि घेऊन येतात. एक धड फोन घेणारा माणूस असला की कितीतरी पिल्लं आई-बापांपाशीच राहतात. आम्ही कितीही काळजी घेतली तरी आई शिकवते तेवढं आम्हाला शिकवता येत नाही.

याउलट मांजरीने पकडलेलं पाखरू एवढ्याशा खरचट्याने आलं तरी त्याच दिवशी आणायलाच सांगायचं. मांजरीच्या दातांतले जंतू रक्तात पसरतात आणि पक्षी एक-दोन दिवसांत जातो, प्रतिजैविक लवकर मिळालं तरच वाचतो. आणताना पुठ्ठ्याचा खोका, त्याला भोकं, तळाला सुती कापड, वरून बंद, आत अंधार. तारेचा पिंजरा अजिबात नको. फडफडून शेपटीची आणि पंखांची पिसं मोडतात. तुटलेलं पीस जुनं गळून नवं येईपर्यंत तसंच राहतं, त्यामुळे जखम आठवड्यात भरलेली घार निव्वळ पिसांसाठी महिनोन्‌महिने अडकून पडते. पाणी पाजायचं नाही, भात-पोळी-दूध काही नाही. केंद्र लांब असेल किंवा मोठा प्राणी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगायचं. हे सगळं शांतपणे, समोरचा माणूस रडत असताना समजावणारा माणूस आम्हाला हवा असतो. तुमची रोजची नोकरी लोकांशी बोलण्याचीच असेल तर तुम्ही यात लवकर तयार व्हाल.

ऋतू कोणता, यावरही काम खूप बदलतं. संक्रांतीच्या आगेमागे मांजाने कापलेले पक्षी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर अडकून राहतो आणि संक्रांत होऊन गेल्यावरही पुढे कित्येक महिने घारी, घुबडं, वटवाघळं त्यात सापडतात. पंखाच्या पुढच्या कडेला एक पातळ पडदा असतो, तो चिरला गेला तर पक्षी उडेल की नाही हे बरं होईपर्यंत सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाने भोवळ येऊन पडलेले. पावसाच्या आधी फांद्या छाटतात तेव्हा बगळ्यांची घरटी खाली येतात, पाऊस सुरू झाला की साप. आणि थंडीत ऊसतोड.

ऊसतोडीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या पट्ट्यात स्वयंसेवकाचं खरं कौशल्य तिथे दिसतं. उसात मांजरीच्या आकाराची पिल्लं सापडतात आणि ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून फोन येतो. बरेचदा ती रानमांजराची असतात, कधी वाघाटीची, जी जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक आहे. बिबट्याची असली तरी पहिला पर्याय त्यांना आणणं हा नसतो. डॉक्टर पिल्लं तपासतात, वजन-लिंग नोंदवतात, आणि अंधार पडायच्या सुमारास ती सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात. आसपास कॅमेरे लावतात. आई रात्री येते आणि एकेक करून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री परत. हे जमण्यासाठी गरज असते ती शेत रिकामं ठेवण्याची. बघायला जमलेली गर्दी मागे सारायची, ऊसतोड कामगारांना त्या दिवशी तो फड थांबवायला तयार करायचं. त्यांचा रोजगार बुडतो, शेतकऱ्याची गाडी अडते, आणि घरात लेकरं असलेल्या बाईला वाटणारी भीती खरी असते. तिथे हुज्जत घालून चालत नाही. पिल्लं उचलून नेली तर आई चिडून दिवसचे दिवस त्याच शिवारात फिरते, आणि पिल्लं परत मिळाली तर निघून जायची शक्यता जास्त, हे त्यांच्याच भाषेत समजावणारा गावातला एखादा तरुण आमच्या सगळ्या उपकरणांपेक्षा उपयोगी ठरतो.

तुमचा तिसरा प्रश्न मुलीचा. तुम्ही जा, पण काही गोष्टींत हयगय नको. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊन मगच सस्तन प्राण्यांच्या आसपास काम करा. केंद्राने ती विचारली नाही तर तुम्ही विचारा. कामाचे कपडे आणि बूट वेगळे ठेवा, शक्य असेल तर तिथेच बदला, घरी आल्यावर आंघोळ करून मगच मुलीला घ्या. पोपटांपासून माणसाला श्वसनाचा आजार होऊ शकतो, म्हणून त्यांच्या खोलीत कोरडी झाडलोट करायची नाही, आधी पाणी शिंपडायचं आणि मास्क लावायचा. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात बर्ड फ्लू आढळला तेव्हा आम्ही स्वयंसेवकांना पक्षी विभागात येणं बंद केलं होतं. असं परत झालं तर वाईट वाटून घेऊ नका. मुलीला सोबत आणू नका, आणि आजारी पिल्लू ‘एका रात्रीसाठी’ घरी नेऊ नका, कुणी आग्रह केला तरी. ते कायद्यातही बसत नाही. गर्भारपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असताना प्राण्यांच्या विभागात येऊ नये, फोन आणि नोंदींचं काम करावं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. आलेले सगळे जगत नाहीत. काहींना डॉक्टर वेदनारहित मृत्यू देतात, कारण दोन्ही पंख गेलेल्या घारीला जन्मभर पिंजऱ्यात जगवणं तिच्यासाठी जगणं नसतं. तुम्ही सहा शनिवार ज्याच्या ताटल्या धुतल्या तो सातव्या शनिवारी नसेल. तेव्हा नोंदवहीत बघा, कारण विचारा. आमच्याकडे ते सांगण्याची पद्धत आहे आणि प्रत्येक केंद्रात ती असायला हवी. न सांगता पिंजरा रिकामा झाला की चांगले स्वयंसेवक येणं थांबवतात, हे मी पाहिलंय. आणि जो बरा होतो त्याला सोडताना तुम्ही तिथे असालच असं नाही. प्रौढ प्राणी शक्यतो जिथे सापडला त्याच्या जवळ, त्याला सोयीच्या वेळी सोडतात, घुबड असेल तर अंधार पडल्यावर. समारंभ त्याला नको असतो.

तुमच्या सवडीचा विचार करून सुचवते. शनिवारचे चार तास ठरवा, आणि ते मोडू नका. महिन्यातून एकदा पूर्ण दिवस येणाऱ्यापेक्षा दर शनिवारी चार तास येणारा आम्हाला हवा असतो, कारण त्याच्या भरवशावर वेळापत्रक लावता येतं. आठवड्यात एक संध्याकाळ घरून फोन घ्यायची तयारी दाखवा. केंद्रात संध्याकाळची पाळी असेल तर तीही विचारा. घुबडं, वटवाघळं, उदमांजरं यांचं खाणं दिवस मावळल्यावर असतं आणि तेव्हा माणसं नसतात, हिंजवडीहून परतताना चांदणी चौकातली कोंडी पार करून आलात तरी वेळ साधते. समन्वयकाला सरळ सांगा की मला एकच विभाग द्या आणि नोंदवही वाचायला शिकवा. ते जर म्हणाले की नोंदवही नाही, तर दुसरं केंद्र शोधा.

आणि पुढच्या शनिवारी जाताना घरातल्या जुन्या सुती चादरी घेऊन जा. टर्किश टॉवेल नकोत, त्यांच्या धाग्यांच्या फासांत पक्ष्यांची नखं अडकतात.